खिळ्यावरची लाल चिठ्ठी

"काका, आधी तुम्ही जाणार, का आधी ही गाडी जाणार?"

प्रश्न तोंडातून सुटला तशी संस्कृतीनं जीभ चावली. पण पैज म्हणजे पैज. कंपाउंडच्या भिंतीमागं सायली आणि रूपाली एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून खिदळत होत्या. हा प्रश्न जसाच्या तसा, एकही शब्द न गाळता विचारला तर दोघींनी मिळून तिला आठवडाभर मटका कुल्फी चारायची, असं ठरलं होतं. दहावीची परीक्षा संपून चार दिवस झाले होते आणि चार दिवसांत तिघींना एवढाच उद्योग सुचला होता.

गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. पाय हलले. मग खाली चाकं लावलेल्या फळीवरून सरकत साहेबराव काका बाहेर आले. चष्मा कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर ग्रीसचा ठिपका.

"गाडी," ते म्हणाले. "माझी तब्येत बरी हाय."

भिंतीमागं कुणीतरी हसू आवरता आवरता शिंकलं.

"त्या दोघींना बी आत बोलाव. ऊन लागंल."

पण त्या दोघी तोवर गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. संस्कृतीसुद्धा पळणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आलीच आहेस तर तो बारा-तेराचा पाना दे."

तिनं पाना दिला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, परत दिला. "हा दहा-अकरा." तिनं दुसरा दिला. "हा चौदा-पंधरा." तिसऱ्या वेळी बरोबर पाना हातात पडला. काका पुन्हा गाडीखाली गेले. जाताना म्हणाले, "उद्या येशील तवा पहिल्याच वेळी द्यायचा."

उद्या येशील असं तिनं कुठं सांगितलं होतं? पण ती गेली.

मुकुंदवाडीत त्या गल्लीतल्या प्रत्येकाला ती गाडी माहीत होती. साहेबराव काकांनी एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये लेथ चालवली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात. काकांनी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी बांधायला घेतली. चौकोनी पाइपांची चासी आणि वरची फायबरची बॉडी असा संच त्यांना पुण्याच्या एका हौशी माणसानं दिला होता. त्याची हौस अर्ध्यात संपली होती. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची गाडी. पण संचात पळणारं काहीच नसतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या दोन चाकांना फिरवणारं हाउसिंग हे सगळं दुसऱ्या एखाद्या गाडीचं काढून घ्यायचं असतं.

"मग तुम्ही कुणाचं काढलं?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कारभारीच्या ओम्नीचं. शाळेची पोरं न्यायचा बघ, तो."

संस्कृती उडालीच. "कारभारी मामांची ओम्नी? काका, मी चौथीपर्यंत त्याच गाडीनं शाळेत गेले! पुढच्या सीटवर बसायचे मी. सीटखालीच इंजिन होतं, उन्हाळ्यात बूड भाजायचं नुसतं!"

"हेच ते," काका इंजिनावर फडकं मारत म्हणाले. "तुझं बूड भाजणारं."

तिथून तिचं नि त्या इंजिनाचं नातं जुळलं. चहाची वेळ झाली की पारूकाकू शेडच्या दारात येऊन विचारायच्या, "सवतीची सेवा झाली का?" गाडीला त्या सवतच म्हणायच्या. पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं, "सवतीला आता दासी बी मिळाली व्हय?" आणि संस्कृतीच्या हातात चहाबरोबर खारी ठेवली. म्हणजे दासीची नेमणूक पक्की झाली.

शाळेत ती मागच्या बाकावरची. उत्तर येत असलं तरी हात वर करायला घाबरणारी. इथं तसं नव्हतं. इथं पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा काका म्हणाले, "झकास," आणि ती पटकन म्हणाली, "नाय काका. असं नव्हतं वाजत. मामांच्या वेळी असं मधेच अडखळायचं नाय."

काकांनी इंजिन बंद केलं, तिच्याकडं पाहिलं, आणि तीन प्लग काढून टेबलावर मांडले. दोन प्लगांची टोकं दुधाच्या चहाच्या रंगाची होती. तिसऱ्याचं काजळासारखं काळं, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट जळत नव्हतं.

"कानाची पक्की हायस," ते म्हणाले.

एवढंच. पण ते वाक्य तिनं घरी जाताना चारदा मनात म्हणून पाहिलं. नंतरचे चार दिवस कार्बोरेटरचा स्क्रू तिच्याच हातात होता. काका म्हणायचे, पाव फेरा आत. ती डोळे मिटून ऐकायची. आता थोडा बाहेर. आता बास. शेवटी इंजिन असं एकसुरी वाजायला लागलं की तिला दप्तराचा आणि डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा वास आला.

शेडच्या दाराशी एक मोठा खिळा होता आणि त्यावर लाल पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांची जाड चळत. पहिल्यांदा तिला वाटलं होतं, बिलं असतील.

"आमच्या टूलरूमची रीत," काकांनी सांगितलं. "एखादा नग बिघडला की त्याला लाल चिठ्ठी. काय बिघडलं, का बिघडलं, कुणी बिघडवलं. आणि चिठ्ठी ज्याची त्यानंच लिहायची. साहेबानं लिहायची नाय, शेजारच्यानं तर नायच नाय."

"आणि मग शिक्षा?"

"कसली शिक्षा? लिवलं की झालं. पुन्हा तीच चूक करताना हात थांबतो."

तिनं चळत चाळली. एकूण एक चिठ्ठ्या साहेबरावांच्या नावाच्या. 'भोक दोन मिलिमीटर डावीकडं. कारण: सूनबाईंचा फोन.' तिला फार हसू आलं.

घरी मात्र वेगळंच वारं होतं. तिचे पप्पा राजेंद्र वीज कंपनीच्या ऑफिसात आणि मम्मी, संध्या, सरकारी दवाखान्यात नर्स. दहावी झाली की संस्कृती लातूरला जाणार, दोन वर्षं क्लासच्या होस्टेलवर राहणार आणि डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणार, हे ती सहावीत असल्यापासून ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणालाच आठवत नव्हतं. मम्मी म्हणायची, "वीस वर्षं मी डॉक्टरांच्या मागं ट्रे घेऊन उभी हाय. माझी पोरगी पुढं उभी राहिलेली बघायची हाय मला." यावर काय बोलणार? संस्कृती आजवर कधी काही बोलली नव्हती. मे महिन्यात निकाल लागला. एक्क्याण्णव टक्के. पप्पांनी गल्लीभर पेढे वाटले आणि लातूरचा फॉर्म आणून टीव्हीशेजारी ठेवला. शेवटची तारीख जूनच्या पहिल्या सोमवारी.

तिनं मनात एक बेत केला. गाडी पहिल्यांदा चालेल त्या दिवशी मम्मी-पप्पांना तिथं बोलवायचं. गाडी ऐटीत धावेल, सगळे टाळ्या वाजवतील आणि त्या टाळ्यांमध्येच आपण सांगून टाकायचं की मला लातूरला जायचं नाही. जिंकलेल्या माणसाला कुणी नाही म्हणत नसतं.

पण जिंकायला अजून एक अडचण होती. गाडी थरथरायची.

काकांची त्यासाठी एक खास परीक्षा होती. मागची चाकं अधांतरी राहतील अशी गाडी स्टँडवर चढवायची, चासीवर स्टीलचा पेला काठोकाठ पाण्यानं भरून ठेवायचा आणि गाडी गिअरमध्ये टाकून चाकं फिरवायची. पाणी हललं नाही पाहिजे. इथं तर पाणी उड्या मारत होतं. कारण स्पष्ट होतं. इंजिनाकडून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारा शाफ्ट फार तिरका बसला होता. गिअरबॉक्स उंचावर, हाउसिंगचं तोंड खाली. टूलरूमच्या माणसाला वाकडं काही दिसलं की अन्न गोड लागत नाही. काका दोन दिवस शाफ्टकडं बघत नुसतेच बसून होते.

तिसऱ्या दिवशी संस्कृती गाडीखाली पालथी पडून बघत होती. हाउसिंगच्या गोल पोटाला शाफ्ट बरोबर मधोमध नव्हे, जरा खाली जोडलेला होता. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"काका! हे अख्खं हाउसिंग उलटं करून बसवलं तर? खालचं वर, वरचं खाली. तोंड आपोआप वर येईल. शाफ्ट सरळ!"

काकांनी वाकून पाहिलं. मनाशी काही मोजलं. "च्यायला," ते हळूच म्हणाले, "लई डोकं चालतं की गं पोरी."

आठवडाभर काम चाललं. हाउसिंग काढलं, उलथवलं, स्प्रिंगांच्या बैठका दुसऱ्या बाजूला वेल्डिंग करून लावल्या. मग पेला ठेवला. दोघं पेल्याशी नाक लावून बसले. चाकं फिरली, इंजिनाचा आवाज चढला आणि पाणी जसंच्या तसं. आरशासारखं. पारूकाकूंनाही हाक मारून पाणी दाखवलं. "गोदावरी बी एवढी शांत नसती," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी चिकलठाण्यातल्या एका बंद कारखान्याच्या आवारात गाडी टेम्पोवर घालून नेली. रस्त्यावर चालवायला तिला परवानगी नव्हती, पण हे आवार भिंतीच्या आतलं होतं आणि राखणदार काकांचा जुना दोस्त. मम्मी-पप्पा आले. सायली, रूपाली आल्या. पारूकाकूंनी गाडीच्या मागं टेबल मांडून त्यावर पोह्यांचा डबा ठेवला, खाली वीस लिटरचा पाण्याचा जार. पलीकडच्या विमानतळावर एक विमान उतरत होतं. संस्कृती काकांच्या शेजारच्या सीटवर बसली. छाती अशी फुललेली की सीटबेल्ट पुरेना.

काकांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

ऐटीतच गेली, पण मागं. टेबलाचा पाय मोडला, जार फुटला, पोह्यांचा डबा उताणा झाला. काकांनी ब्रेक दाबला, गिअरच्या दांड्याकडं पाहिलं, बरोबर पहिल्याचीच जागा. दुसरा टाकून पाहिला. गाडी आणखी जोरात मागं. मग रिव्हर्स टाकला, आणि गाडी शहाण्यासारखी पुढं निघाली.

"चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड!" सायली किंचाळली. "संस्कू, ये तो उल्टा मामला है!" रूपालीनं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. हसून हसून ती खालीच बसली.

काका गाडीतून उतरले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. हाउसिंग उलटं केल्यावर आतलं मोठं चक्र शाफ्टच्या डाव्या अंगाचं उजव्या अंगाला गेलं होतं. म्हणजे चाकंही उलटी फिरणार. चाक कुठल्या दिशेनं फिरतंय ते बघून शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण दोघं पेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिले होते.

"माझी चूक," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी उलटं बसवलं."

संस्कृतीनं तोंड उघडलं, पप्पांकडं पाहिलं, आणि मिटलं.

"चला," पप्पा हसून म्हणाले. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "हौस झाली. आता आठ दिवसांत फॉर्म भरून टाकू."

त्या दिवशी दुपारभर वर्गाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरत होता. लोकांनी खूप चिडवलं, पण तिला त्याचं काही वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. टोचत होतं ते दुसरंच. 'माझी चूक,' काका म्हणाले होते आणि तिनं म्हणू दिलं होतं.

सोमवारी सकाळी ती शेडमध्ये गेली तेव्हा खिळ्यावर सगळ्यात वर नवी चिठ्ठी होती. 'हाउसिंग उलटं. कारण: घाई. साहेबराव.'

तिनं ती काढली.

"काय करायलीस?" काका गाडीखालून म्हणाले.

"ही माझी आहे."

"वेल्डिंग मी केलं, बाई."

"वेल्डिंग तर मस्तच झालंय. डोक्यातली गोष्ट चुकली, ती माझी. तुम्हीच म्हणालात, चिठ्ठी ज्याची त्यानंच लिहायची. शेजारच्यानं तर नायच नाय."

काका बाहेर आले. मग कपाटातून कोरी लाल चिठ्ठी आणि पेन काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं लिहिलं: 'हाउसिंग उलटं. कारण: माहीत नव्हतं.'

"हे कारण नव्हं," काका म्हणाले. "माहीत नसतं तेव्हा विचारता येतं, करून बघता येतं. का नाय बघितलं?"

तिनं विचार केला. ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'पाणी बघितलं, चाक बघितलं नाही. संस्कृती.' चिठ्ठी खिळ्यात अडकवली आणि काय सांगावं, छातीवरचं दडपण एकदम उतरलं. काळा प्लग बदलल्यावर इंजिनाला असंच वाटत असणार.

मग दोघं कामाला लागले. हाउसिंग पुन्हा सुलटं करायचं, तर शाफ्ट पुन्हा तिरका होणार. काकांनी इंजिनाच्या पायांखालचं पॅकिंग काढून ते अठरा मिलिमीटर खाली घेतलं. तरी चार अंशांचा फरक राहिला. स्प्रिंग आणि हाउसिंगच्या मध्ये पाचर घालायची ठरली. पाचर किती जाड, ते संस्कृतीनं काढलं. चार अंशांचा टॅन, गुणिले स्प्रिंगच्या बैठकीची लांबी, साठ मिलिमीटर. चार पॉइंट दोन. "काका, आम्ही वर्षभर बाईंना विचारत होतो, टॅन आयुष्यात कुठं लागतो!" काकांनी दोन पाचरी करून आणल्या, तिनं कानशीनं त्यांच्या धारदार कडा घासल्या.

गुरुवारी मम्मी ड्यूटीवरून येताना शेडमध्ये डोकावली. लातूरच्या फॉर्मवर लेकीची सही हवी होती. संस्कृती गाडीखाली होती. मम्मी दाराशीच थांबली, खिळ्यावरची वरची चिठ्ठी हातात धरून.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"काका तर त्यांची चूक म्हणत होते."

"ते मोठेपणानं म्हणाले. मी तेव्हा गप्प बसले, मम्मी. पप्पा समोर होते ना."

मम्मीनं चिठ्ठी पुन्हा वाचली. "वॉर्डात काही चुकलं ना," ती हळू म्हणाली, "तर पहिल्यांदा सगळे एकमेकांकडं बघतात. मी बी बघितलंय." मग चिठ्ठी नीट सरळ लटकवली. फॉर्म पर्समध्ये परत घातला. "रविवार होऊ दे. बघू."

शनिवारी स्टँडवर गाडी चढवली. या वेळी संस्कृतीनं आधी दोन्ही मागच्या चाकांवर खडूनं पुढच्या दिशेनं बाण काढले, मग चाकं हळू फिरवली. बाण पुढं धावले. त्यानंतर पेला ठेवला. पाणी किंचित, अगदी किंचित, कापलं.

"एवढं चालतं," काका म्हणाले. टूलरूमच्या माणसाच्या तोंडी असं वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी त्याच आवारात या वेळी पारूकाकूंनी टेबल गाडीपासून चांगलं पन्नास फुटांवर मांडलं, तेही बाजूला. "सवतीचा भरवसा नाय," त्या म्हणाल्या. सायली आणि रूपाली कुल्फी घेऊन आल्या होत्या, पैजेतली इतके दिवस राहून गेलेली शेवटची. पप्पा हाताची घडी घालून उभे. काकांनी पहिला गिअर टाकला, आणि गाडी पुढं गेली. टाळ्या वाजल्या, पण संस्कृतीला त्या नीट ऐकूच आल्या नाहीत. ती इंजिन ऐकत होती. दुसरा, तिसरा. भिंतीपर्यंत जाऊन वळण, पुन्हा इकडं. कुठंही अडखळ नाही.

दोन फेऱ्या झाल्यावर काका उतरले आणि तिला म्हणाले, "सरक इकडं. पहिल्या गिअरच्या वर जायचं नाय."

पप्पा काहीतरी बोलणार होते. मम्मीनं त्यांच्या कोपराला हात लावला.

संस्कृतीनं क्लच हळूहळू सोडला. गाडी माणसाच्या चालीनं निघाली. मोकळं आवार, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, पुढं फायबरचं लांब नाक, आणि त्याखाली ते इंजिन, ज्याच्यावर बसून ती पाढे पाठ करत शाळेत गेली होती. तिनं एक मोठा, निवांत गोल मारला. मम्मी-पप्पांच्या समोर गाडी आणून उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं. टाळ्यांमध्ये बोलायचा तिचा बेत होता, पण टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. बरंच झालं, तिला वाटलं. नीट ऐकू जाईल.

"मम्मी, पप्पा, एक सांगायचंय. मागच्या रविवारीच सांगणार होते, पण तेव्हा सांगितलं असतं तर ते नुसत्या ऐटीत सांगितलं असतं. गाडी उलटी गेली, सगळे हसले, आणि तरी दुसऱ्या दिवशी मला इथंच यावंसं वाटलं. मी लातूरला जाणार नाही. मी इथंच पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा करणार आहे. मम्मी, मी पुढं उभी राहीनच, फक्त दवाखान्यात नाही. आणि पप्पा, हा निर्णय चुकला, तर त्याची लाल चिठ्ठी मीच लिहीन. तुम्ही दोघांनी लिहायची नाही."